तरुणांचे लैंगिक आरोग्य : प्रश्न माहितीचा की भोवतालच्या माणसांचा?

शोधयात्री

तरुणांच्या लैंगिक आरोग्याची चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा एकाच जागी येऊन अडते. मुलांना पुरेशी माहिती नाही, ती दिली की प्रश्न सुटेल, असे एक बाजू म्हणते; माहिती दिली की मुले बिघडतील, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजू एक गोष्ट मात्र गृहीत धरतात : मुलगा असो वा मुलगी, मिळालेल्या माहितीच्या आधारे जो तो आपला निर्णय एकट्याने घेतो. गेल्या तीसेक वर्षांतील सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनाने या गृहीतकालाच धक्का दिला आहे. त्याविषयी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी माहितीचेच घेऊ. स्कॉटलंडमध्ये २५ माध्यमिक शाळांत 'शेअर' नावाचा प्रयोग झाला. काही शाळांतील शिक्षकांना खास प्रशिक्षण देऊन तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना नीट आखलेले लैंगिक शिक्षण देण्यात आले, उरलेल्या शाळांत नेहमीचेच तास चालू राहिले. खास शिक्षण मिळालेल्या मुलांचे ज्ञान निश्चित वाढले. पण त्याच मुली वीस वर्षांच्या होईपर्यंतच्या गर्भधारणा आणि गर्भपात यांच्या सरकारी आरोग्यनोंदी तपासल्या, तेव्हा दोन गटांत फरक सापडला नाही. टांझानियातील म्वान्झा भागात २० वस्त्यांमध्ये झालेल्या 'मेमा क्वा विजाना' या तरुणांच्या लैंगिक आरोग्यशिक्षणाच्या प्रकल्पाचेही असेच झाले. ज्ञानात पडलेला फरक बऱ्याच वर्षांनंतरही टिकून होता, मात्र रक्ताच्या तपासण्यांत एचआयव्ही किंवा जननेंद्रियांचा हर्पीस (लैंगिक संबंधांतून पसरणारा एक विषाणूजन्य आजार) यांचे प्रमाण कमी झालेले दिसले नाही.

यावरून लैंगिक शिक्षण निरुपयोगी आहे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. स्वतःच्या शरीराविषयी खरी माहिती मिळणे हा मुलांचा हक्क आहे, आणि अशा शिक्षणामुळे मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत, हे युनेस्कोच्या २०१८ च्या सुधारित मार्गदर्शिकेत पुराव्यांच्या आधारे मांडलेले आहे. प्रश्न एवढाच आहे, की कळूनही वळत का नाही?

या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत समाधानकारक उत्तर सिसिली मार्स्टन आणि एलेनॉर किंग यांच्या २००६ च्या आढाव्यात आहे. १९९० ते २००४ या काळात प्रसिद्ध झालेले २६८ गुणात्मक अभ्यास, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यावर आणि अनुभवांवर आधारलेले अभ्यास, त्यांनी एकत्र वाचले. हे अभ्यास वेगवेगळ्या खंडांतले, वेगवेगळ्या समाजांतले होते, तरी त्यांत त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा दिसत होत्या. समोरची व्यक्ती 'स्वच्छ' आहे की नाही, हे तरुण तिच्या दिसण्यावरून, कपड्यांवरून आणि तिच्याविषयी कानावर आलेल्या गोष्टींवरून ठरवतात. कंडोमचा विषय काढणे म्हणजे 'माझा तुझ्यावर विश्वास नाही' असे सांगणे, अशी समजूत असते. मुलीने कंडोम जवळ बाळगला तर ती 'तसली' ठरते, मुलाने संबंध टाळला तर त्याच्या पुरुषत्वावर शंका घेतली जाते. आणि ही सगळी भीती असल्यामुळे दोघेही आपल्याला काय हवे आणि काय नको, ते स्पष्ट बोलत नाहीत. संसर्ग कसा होतो याची माहिती त्या क्षणी त्यांच्यापाशी असते, पण जवळच्या माणसाचा विश्वास आणि लोकांतले नाव गमावण्याची भीती तिच्यापेक्षा जड भरते. मला तर हे वागणे अविचाराचे वाटत नाही. ज्या समाजात बदनामी उद्या होणार असते आणि आजार झालाच तर पुढे कधीतरी होणार असतो, तिथे तरुण माणूस उद्याच्या संकटाला आधी घाबरणार.

आकडेमोड

धागा महत्त्वाचा आहे, पण एक सावधगिरीची सूचना सुरुवातीलाच नोंदवतो. 'सामाजिक प्रभाव' हा शब्द आपण फार सहज वापरतो, प्रत्यक्षात तो सिद्ध करणे अतिशय अवघड असते. एका मुलाचे मित्र लैंगिकदृष्ट्या सक्रिय आहेत आणि तोही आहे, एवढ्यावरून मित्रांनी त्याला तसे वागायला लावले, असे ठरत नाही. त्याने मुळात आपल्यासारखेच मित्र निवडले असतील, किंवा सगळे एकाच वस्तीत, एकाच परिस्थितीत वाढल्यामुळे सारखे वागत असतील. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स मॅन्स्की यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले, की गटाच्या सरासरी वागण्यावरून व्यक्तीचे वागणे समजावू पाहणाऱ्या विश्लेषणात या शक्यता एकमेकींपासून सहसा वेगळ्या काढताच येत नाहीत.

माध्यमांच्या प्रभावावरील संशोधनात हीच अडचण उघडी पडली. लैंगिक दृश्ये अधिक पाहणारी मुले लवकर संबंध ठेवतात, असे अमेरिकेतील एका पाहणीवरून २००६ मध्ये मांडले गेले. पुढे २०११ मध्ये लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि कॅथरिन मोनाहन यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. अशी दृश्ये पाहणारी आणि न पाहणारी मुले आधीपासूनच कोणकोणत्या बाबतींत वेगळी होती, हे त्यांनी हिशेबात धरले, तेव्हा तो परिणाम टिकला नाही. ज्या मुलांना या विषयात आधीच रस होता, तीच मुले अशी दृश्ये अधिक पाहत होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. माध्यमांचा काहीच परिणाम होत नाही, असे यातून सिद्ध होत नाही. मात्र 'टीव्हीने मुले बिघडवली' हे वाक्य ठामपणे उच्चारण्याइतका पुरावा त्या आकडेवारीत नव्हता.

दुसरी अडचण उत्तरांच्या खरेपणाची. अमेरिकेत १९९५ मध्ये १५ ते १९ वयोगटातील मुलग्यांची एक राष्ट्रीय पाहणी झाली. तिच्यात काही मुलांनी कागदावर उत्तरे लिहून दिली, तर काहींनी हेडफोनवर प्रश्न ऐकून संगणकावर स्वतः उत्तरे नोंदवली. दुसऱ्या मुलाशी लैंगिक संबंध आल्याचे कागदावर १.५ टक्के मुलांनी सांगितले, संगणकावर ५.५ टक्के मुलांनी. प्रश्न एकच होता आणि वयोगटही एकच होता, बदलली होती ती फक्त उत्तर देण्याची पद्धत. जी बदनामीची भीती आपण मोजायला निघालो आहोत, तीच भीती आपल्या मोजमापातही शिरलेली असते. म्हणून ज्या अभ्यासात रक्ताची किंवा लघवीची तपासणी अथवा रुग्णालयाच्या नोंदी आहेत, त्याला मी नुसत्या प्रश्नावलीपेक्षा अधिक वजन देतो.

सावली_२२

मी एका आरोग्य केंद्रात समुपदेशनाचे काम करते. मार्स्टन आणि किंग यांचा आढावा मी वाचलेला नव्हता, पण त्यातील प्रत्येक मुद्दा मी रोज पाहते.

आमच्याकडे तरुणांसाठी वेगळी खोली आहे, तपासणी मोफत आहे आणि भिंतीवर सर्व काही गोपनीय राहील अशी पाटी आहे. तरीही त्या खोलीकडे जायचा रस्ता नोंदणीच्या खिडकीवरून जातो. तिथे नाव मोठ्याने पुकारले जाते आणि बाकावर बसलेली माणसे मान वर करून पाहतात. एक मुलगी केसपेपर हातात घेऊन बराच वेळ बसली होती. नाव पुकारले गेले तेव्हा तिने केसपेपराची घडी घातली, तो पिशवीत टाकला आणि ती बाहेर निघून गेली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या ओळखीच्या कोणी बाई बसल्या होत्या, हे आमच्या मावशींकडून मला नंतर कळले. तिला माहिती कमी नव्हती. कुठे यायचे आणि कशासाठी यायचे, हे तिला नेमके ठाऊक होते.

आम्ही वरिष्ठांकडे पाठपुरावा करून नावाऐवजी क्रमांक पुकारण्याची पद्धत सुरू करून घेतली. त्याने सगळे सुटले असे म्हणत नाही, कारण क्रमांक घेऊन त्या खोलीत शिरणारा माणूस दिसतोच. पण आपण 'सामाजिक घटक' म्हणतो तेव्हा तो असा बाकावर बसलेला असतो, एवढे मला आवर्जून सांगायचे होते.

पालकनीती

मी दोन मुलांचा बाप आहे, संशोधक नाही. वरचे सर्व वाचून एक शंका मनात येते. समाज, मित्र, माध्यमे, आरोग्य केंद्र या सगळ्यांची चर्चा झाली. मग घरातील संस्कारांना काहीच महत्त्व नाही का? मुलांकडून संयम पाळण्याची शपथ घेतली जाते, अशा उपक्रमांविषयी वाचले आहे. त्यांचा उपयोग होतो की नाही, यावर कोणी जाणकाराने लिहावे.

आकडेमोड

@पालकनीती, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि सुदैवाने त्यावर चांगले काम झालेले आहे. अमेरिकेत १९९४-९५ मध्ये सुरू झालेल्या 'ॲड हेल्थ' या पाहणीत वीस हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या गेल्या, आणि त्याच मुलांना पुढे वर्षानुवर्षे पुन्हा भेटण्यात आले. तिच्या आधारे पीटर बेअरमन आणि हाना ब्रुकनर यांनी २००१ मध्ये दाखवले, की लग्नापर्यंत संबंध न ठेवण्याची शपथ घेतलेल्या मुलांचा पहिला संबंध सरासरी सुमारे दीड वर्ष लांबला. पण हा परिणाम शाळेत शपथ घेणारी मुले थोडी असतील तिथेच दिसला. बहुसंख्य मुलांनी शपथ घेतली की तिचे वेगळेपण संपे आणि परिणामही विरून जाई. म्हणजे शपथ हीसुद्धा एका गटाची ओळख म्हणूनच काम करत होती. ज्यांनी ती मोडली, त्यांनी पहिल्या संबंधात गर्भनिरोधक वापरण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी होते, ही त्यातील काळजीची बाब.

जेनेट रोझेनबॉम यांनी २००९ मध्ये याच पाहणीतून शपथ घेतलेली मुले आणि धार्मिकता, मते, घरची परिस्थिती अशा अनेक बाबतींत त्यांच्याशी अगदी जुळणारी पण शपथ न घेतलेली मुले यांची तुलना केली. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांच्या लैंगिक वागण्यात फरक नव्हता, मात्र शपथ घेतलेल्यांमध्ये गर्भनिरोधकांचा वापर कमी होता. त्यांच्यापैकी ८२ टक्के जणांनी तर आपण अशी शपथ घेतल्याचेच नाकारले.

घराला महत्त्व नाही, असे मात्र मुळीच नाही. पालक आणि मुलांमधील संवादावरील ५२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घरांत या विषयावर बोलणे होते, तिथली मुले कंडोम आणि गर्भनिरोधकांचा वापर काहीशी अधिक करतात, असे त्यात दिसले. परिणाम लहान होता, पण ठाम होता. तो मुलींमध्ये अधिक होता आणि आईशी होणाऱ्या संवादात अधिक होता. वडील आणि मुलगे यांच्यात हा विषय निघतो तरी किती, हा विचार आपण सर्व बापांनी करण्यासारखा आहे.

शोधयात्री

'ॲड हेल्थ'चा उल्लेख झालाच आहे, तर तिच्यातीलच एका शाळेचा अभ्यास येथे मांडतो. बेअरमन, जेम्स मूडी आणि कॅथरिन स्टोव्हेल यांनी तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील ही शाळा, तिचे खरे नाव गुप्त ठेवून त्यांनी तिला 'जेफरसन' म्हटले. तेथील ८३२ विद्यार्थ्यांना मागील १८ महिन्यांत कोणाकोणाशी प्रेमाचे किंवा लैंगिक संबंध होते, हे विचारून त्यांनी सर्व जोड्यांचा नकाशा काढला. मूठभर 'बेफिकीर' मुले केंद्रस्थानी आणि बाकीची त्यांच्याभोवती, असे चित्र निघेल अशी अनेकांची अपेक्षा असते. तसे निघाले नाही. २८८ मुले-मुली एकाच लांबलचक साखळीत जोडलेली होती, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे या काळात एक-दोनच जोडीदार होते. साखळीच्या दोन टोकांत ३७ दुव्यांचे अंतर होते. आपण या साखळीत आहोत, याची कल्पना त्यांच्यापैकी कोणालाही असणे शक्य नव्हते.

या चित्राचा धोरणाच्या दृष्टीने अर्थ मोठा आहे. संसर्ग काही थोड्या लोकांभोवती केंद्रित असेल, तर त्यांना शोधून उपचार देणे शहाणपणाचे ठरते. अशी विरळ साखळी असेल, तर कोणा एकाला 'धोक्याचा' ठरवून काही साधत नाही, उलट साध्या मुलांपैकी थोड्यांनी जरी सुरक्षित वागणूक स्वीकारली तरी साखळीचे तुकडे पडतात. ही रचना कशामुळे तयार झाली, याचे संशोधकांनी दिलेले उत्तरही सामाजिकच आहे. आपल्या जुन्या जोडीदाराच्या नव्या जोडीदाराच्या जुन्या जोडीदाराशी कोणी जमवत नव्हते, कारण त्यात मित्रमंडळींसमोर मानहानी होती. असा नियम कोणी सांगितला नव्हता, पण त्या अलिखित संकोचाने आजाराची वाट आखली होती. एका शाळेवरून सर्व जगाविषयी बोलू नये, हे खरे. तरीही एकेका व्यक्तीच्या जोखमीची यादी करत राहण्याने काय निसटते, हे यातून मला फार स्पष्ट दिसले.

रानवाट

या चर्चेत पैशाचा आणि सत्तेचा मुद्दा अजून आलेला नाही, म्हणून लिहिते. मलावीतील झोंबा जिल्ह्यात काही किशोरवयीन मुलींना आणि त्यांच्या कुटुंबांना दरमहा थोडी रोख रक्कम देण्यात आली. दीड वर्षानंतर, सुरुवातीला शाळेत असलेल्या मुलींपैकी रक्कम मिळालेल्या गटात एचआयव्हीचे प्रमाण १.२ टक्के होते, न मिळालेल्या गटात ३ टक्के. सारा बेर्ड आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आरोग्याचा एकही धडा न देता, केवळ हातात थोडे पैसे आल्याने हा फरक पडला होता. बोट्सवानात १९९६ मध्ये माध्यमिक शिक्षणाची रचना बदलल्यामुळे अनेक मुलांना शाळेत जादा काळ मिळाला. त्या बदलाचा अभ्यास करणाऱ्यांना, शाळेच्या प्रत्येक जादा वर्षामागे एचआयव्हीची एकूण जोखीम ८.१ टक्के बिंदूंनी, म्हणजे शंभर जणांमागे सुमारे आठने, घटल्याचे आढळले.

मात्र दक्षिण आफ्रिकेत शाळेतील हजेरीच्या अटीवर पैसे देण्याचा मोठा प्रयोग झाला, त्यात नव्या एचआयव्ही संसर्गांत फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तिथे दोन्ही गटांतील बहुतेक मुली आधीच नियमित शाळेत जात होत्या, त्यामुळे अटीने बदलण्यासारखे थोडेच उरले होते. ज्या मुली शाळेत टिकल्या त्यांच्यात संसर्ग कमी होता, हे मात्र त्याही अभ्यासात दिसले. पैसा सर्वत्र सारखे काम करत नाही. मुलगी कोणत्या अडचणीपोटी कोणावर अवलंबून आहे, यावर ते ठरते.

वयाने मोठ्या पुरुषांशी येणारे संबंध हा याच अवलंबित्वाचा भाग. पास्कलिन द्यूपा यांनी पश्चिम केनियातील शाळांत केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. आठवीच्या मुलींना संयमाचा उपदेश न करता, कोणत्या वयाच्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण किती आहे, एवढेच सुमारे ४० मिनिटांच्या एका तासात सांगितले गेले. मोठ्या वयाच्या पुरुषांमध्ये ते समवयस्क मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि मुलींना हे माहीत नव्हते. त्यानंतर त्या शाळांत किशोरवयीन गर्भधारणा २८ टक्क्यांनी घटल्या. शिक्षकांना सरकारी अभ्यासक्रमाचे प्रशिक्षण देण्याचा गर्भधारणेवर असा परिणाम दिसला नाही. तेव्हा @शोधयात्री, माहितीला तुम्ही थोडे कमी लेखता आहात असे मला वाटते. मुलीच्या प्रत्यक्ष निवडीला भिडणारी माहिती मिळाली, तर ती काम करते.

शोधयात्री

@रानवाट, तुमची दुरुस्ती मान्य आहे. द्यूपा यांच्या प्रयोगातील माहिती जोडीदाराविषयी होती, म्हणजे नात्याविषयीच होती. शाळेतील धडे बहुधा फक्त जंतू आणि अवयव यांविषयी असतात.

खडूफळा

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. वर्गात एक बंद खोके ठेवून मुलांकडून निनावी चिठ्ठ्या घेण्याची पद्धत मी अनेक वर्षे पाळतो आहे. अवयवांविषयीचे प्रश्न सुरुवातीला येतात आणि लवकर संपतात. नंतर येणाऱ्या चिठ्ठ्या वेगळ्या असतात. 'नाही म्हटले आणि त्याने सगळ्यांना सांगितले तर?' असे एकीने लिहिले होते. 'मित्र म्हणतात तू अजून कच्चा आहेस, मी खोटे सांगितले, आता काय करू?' असे एकाने. या चिठ्ठ्यांची उत्तरे पाठ्यपुस्तकात नाहीत. मुलांशी, विशेषतः मुलग्यांशी, पुरुषत्वाच्या या दडपणाविषयी बोलून काही फरक पडतो का? यावर संशोधन असल्यास जरूर सांगावे. मला वर्षभरात या विषयासाठी जेमतेम काही तासिका मिळतात, त्या कशावर खर्च कराव्यात, हा माझा व्यावहारिक प्रश्न आहे.

रानवाट

@खडूफळा, दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात रेचल ज्यूक्स आणि सहकाऱ्यांनी 'स्टेपिंग स्टोन्स' हा कार्यक्रम तपासला, तो तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. १५ ते २६ वर्षांचे तरुण आणि तरुणी स्वतंत्र गटांत बसून, सुमारे ५० तासांच्या सत्रांत, नाट्यप्रसंग आणि चर्चा यांतून नाती, हिंसा आणि संमती यांविषयी बोलले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचआयव्हीच्या नव्या संसर्गांत निश्चित म्हणावी अशी घट झाली नाही. जननेंद्रियांच्या हर्पीसचे नवे संसर्ग मात्र सुमारे एकतृतीयांशाने घटले, आणि दोन वर्षांनंतरही पुरुषांनी जोडीदारावर हिंसा केल्याचे प्रमाण कमी सांगितले. तरुणींच्या वागण्यात तसा बदल दिसला नाही. म्हणून पुरुषांशी बोलणे हा या कामाचा गाभा असायला हवा, असे माझे मत बनले आहे. तेही एका भाषणाने होत नाही, त्याला ५० तास लागले होते.

आकडेमोड

हिंसेच्या घटीचे आकडे पुरुषांनी स्वतः सांगितलेले आहेत, हे लक्षात ठेवावे. कार्यक्रमात भाग घेतल्यावर कोणते उत्तर अपेक्षित आहे, हे माणसाला कळलेले असते. हर्पीसचा निष्कर्ष रक्ततपासणीवरचा असल्यामुळे मी तो अधिक पक्का मानतो.

सावली_२२

मोठ्या प्रमाणावर काय करता येते, याचे इंग्लंड हे एक उदाहरण आहे. तिथे १९९९ मध्ये किशोरवयीन गर्भधारणांविषयी दहा वर्षांचे राष्ट्रीय धोरण सुरू झाले. शाळेतील शिक्षण, तरुणांना सहज जाता येतील अशी केंद्रे, आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्या तरुण आयांना पुन्हा शिक्षणात किंवा नोकरीत आणणे, या गोष्टी एकत्र चालवल्या गेल्या. अठरा वर्षांखालील मुलींमध्ये गर्भधारणेचे प्रमाण १९९८ मध्ये दर हजारी ४६.६ होते, ते २०१४ मध्ये २२.८ वर आले. याच काळात इतरही काही देशांत असे प्रमाण घटले, त्यामुळे सगळे श्रेय धोरणाला देता येत नाही. पण जिथे गरिबी जास्त होती आणि धोरणाचा निधी जास्त पोचला, तिथे घट अधिक झाली, असे केय वेलिंग्ज यांच्या २०१६ च्या विश्लेषणात दिसते.

@खडूफळा, तासिकांविषयी माझे मत सांगते. अवयवांची माहिती लेखी द्या, मुले ती घरी वाचतील. वर्गातला वेळ तुमच्या चिठ्ठ्यांनाच द्या : नकार कसा द्यायचा आणि तो कसा स्वीकारायचा, वयाने मोठा जोडीदार असला की बोलणे का अवघड होते, मित्रांपुढे खोटे का सांगावे लागते. आणि शक्य असेल तर एक तासिका वर्गात न घेता मुलांना जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा. सगळा वर्ग एकत्र आला, की तिथे कोण कशासाठी आले आहे, असे कोणी विचारत नाही; दरवाजा कोणता, वेळ कोणती आणि कोणाशी बोलायचे, हे प्रत्येकाला कळते. आमच्याकडे अशी भेट झाल्यानंतर काही मुले पुढे एकेकटी आली, आणि त्यांना नोंदणीच्या खिडकीवर काही विचारावे लागले नाही.